सायरन वाजण्यापूर्वी

८ डिसेंबर १९७१च्या रात्री पाकिस्तानी विमानांनी भुजच्या हवाईतळावर नापाम बॉम्ब टाकले. एक-दोन नव्हे, चौदा. सकाळी उजेडात पाहिले तेव्हा धावपट्टी जागोजाग फुटलेली होती, आणि युद्ध ऐन भरात असताना कच्छच्या सीमेवरचा हा तळ निकामी होऊन बसला होता. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, जन्माने नागपूरचे. धावपट्टी दुरुस्त करायला यंत्रे आणि कारागीर बाहेरून मागवायचे म्हटले, तर तेवढा वेळच हाताशी नव्हता. तळावर जी माणसे होती ती तळ राखायलाच जेमतेम पुरत होती. मग जिल्हा प्रशासनाने शेजारच्या माधापर गावात निरोप धाडला. गावातून बायका आल्या. सुमारे तीनशे.

त्यांतल्या काही मजुरीवर जाणाऱ्या होत्या, काही घर आणि शेत सांभाळणाऱ्या. लहान मुले शेजारणीच्या हवाली करून त्या तळावर आल्या. अंगावर हिरव्या रंगाच्या साड्या नेसायला सांगितले होते, म्हणजे सायरन झाला की झुडपांत शिरून बसता येईल आणि वरून कुणाला दिसणार नाही. भोंगा वाजला की लपायचे, धोका टळल्याचा भोंगा वाजला की पुन्हा पाट्या उचलायच्या, असा क्रम दिवसभर चालला. राडारोडा उपसायचा, खड्डे भरायचे, भरलेला भाग शत्रूच्या नजरेत येऊ नये म्हणून शेणाने सारवायचा. पहिल्या दिवशी त्यांच्या खाण्याची सोयच झाली नाही. दुसऱ्या दिवशी जवळच्या देवळातून फळे आणि सुखडी आली. गूळ, तूप आणि कणकेची ही वडी कच्छी घरात नेहमीची. ती खाऊन काम पुढे चालले. ७२ तासांत धावपट्टी तयार झाली आणि विमाने पुन्हा उडू लागली. सरकारकडून बक्षीस म्हणून मिळालेले ५०,००० रुपये या बायकांनी वाटून न घेता गावाच्या कामाला दिले. माधापरमध्ये आज त्यांचे स्मारक आहे.

ही गोष्ट बहुतेक वेळा चमत्कारासारखी सांगितली जाते, २०२१मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. पण चमत्कार म्हटले की तिच्यातले शिकण्यासारखे हातचे निसटते. माधापरच्या बायकांना तीन गोष्टी मिळाल्या होत्या: करायचे काम नेमके ठाऊक होते, ते त्यांच्या हातांच्या सवयीचे होते, आणि कुठे उभे राहायचे, कधी पळायचे, कधी परतायचे हे सांगणारा जबाबदार माणूस समोर होता. धैर्य त्यांचेच होते, ते कुणी दिले नव्हते. पण त्या धैर्याला वाट करून देणारी व्यवस्था दोन दिवसांत उभी राहिली म्हणून ते कामी आले. नागरिकांच्या देशसेवेचा भारतातला गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हेच पुन्हा पुन्हा दिसते. पुढे येणाऱ्या माणसांची वाण कधी पडलेली नाही. ती माणसे येतील तेव्हा त्यांना काय सांगायचे, याची तयारी मात्र कधी होती आणि कधी नव्हती.

भुजच्या २३ वर्षे आधी अशीच एक धावपट्टी लेहमध्ये तयार झाली होती. १९४८च्या हिवाळ्यात पाकिस्तानातून आलेले हल्लेखोर सिंधूच्या खोऱ्यातून लडाखकडे सरकत होते आणि लेहचे रक्षण करायला फौज नावापुरतीच होती. प्रिथी चंद या लाहौलच्या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली एक छोटी तुकडी ऐन फेब्रुवारीत, बर्फाने बंद झालेली झोजी ला खिंड ओलांडून लेहला पोचली. तिच्याबरोबर सोनम नोर्बू हे लडाखी अभियंते होते. त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधूकाठच्या वाळवंटी पट्ट्यावर, साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, धावपट्टी आखली आणि बांधली. २४ मे १९४८ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान तिथे उतरवले, शेजारी मेजर जनरल थिमय्या बसले होते. त्या उंचीवर असे विमान उतरवणे मोठ्या जोखमीचे होते. पुढे याच धावपट्टीवरून जवान आणि दारूगोळा आला आणि लेह वाचले.

त्याच लढाईत नुब्रा खोऱ्यातला १७ वर्षांचा एक मुलगा, छेवांग रिंचेन, लेहच्या रक्षणासाठी स्वयंसेवक म्हणून पुढे आला. त्याने गावोगावची मुले जमवली, त्यांना बंदूक धरायला शिकवण्यात आले, आणि ‘नुब्रा गार्ड्स’ ही तुकडी उभी राहिली. रिंचेन यांना त्याच युद्धात महावीर चक्र मिळाले, आणि १९७१मध्ये तुर्तुकच्या लढाईनंतर दुसऱ्यांदा. या स्वयंसेवी तुकड्यांतूनच पुढे लडाख स्काउट्स हे नियमित दल घडले. गावची पोरे म्हणून जे जमले होते, त्यांना देशाने पुढच्या युद्धापर्यंत सांभाळले, शिकवले, पगार दिला. लडाखच्या बाबतीत हे झाले, हे भाग्यच म्हणायचे.

१९६५च्या सप्टेंबरमध्ये पंजाबात वेगळाच प्रसंग आला. ६ आणि ७ तारखेच्या दरम्यानच्या रात्री पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या हवाईतळांजवळ पाकिस्तानने सुमारे १८० छत्रीधारी कमांडो उतरवले. तळ उद्ध्वस्त करायचे, असा त्यांना हुकूम होता. पण अंधारात ते उसाच्या आणि मक्याच्या शेतांत विखुरले, आणि सकाळी त्यांची गाठ पडली ती काठ्या घेऊन निघालेल्या शेतकऱ्यांशी. पोलीस, गावकरी आणि एनसीसीचे विद्यार्थी यांनी मिळून त्यांतले बहुतेक पकडले. एकाही तळाला त्यांना धक्का लावता आला नाही. त्याच आठवड्यात राजस्थानात, बाडमेर ते गडरा रोड या मार्गावर, बॉम्बफेकीत लोहमार्ग उखडला जात असतानाही रेल्वेचे कर्मचारी आघाडीवर दारूगोळा आणि पाणी पोचवत राहिले. ९ सप्टेंबरला त्यांतले १७ जण मरण पावले. गडरा रोड स्थानकाजवळ त्यांचे स्मारक आहे आणि त्या तारखेला रेल्वे कामगार दरवर्षी तिथे जमतात. लष्करी इतिहासाच्या पुस्तकांत या माणसांना एखादी ओळ मिळते. तोफा चालवणाऱ्यांपर्यंत गोळे पोचवणाऱ्याला एवढेच मिळावे, हे मनाला लागते.

या सगळ्या प्रसंगांत माणसे युद्ध दाराशी आल्यावर धावली. युद्ध नसताना त्यांना तयार ठेवायचे कसे, हा प्रश्न भारतात गंभीरपणे विचारला गेला तो मुंबईत. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत पोचले तेव्हा मुंबईत ‘एआरपी’ म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाची यंत्रणा उभी राहिली होती. शिट्ट्या, वाळूच्या बादल्या, खिडक्यांवर काळा कागद, प्रथमोपचाराचे वर्ग. जपानचा बॉम्ब मुंबईवर पडलाच नाही. पण १४ एप्रिल १९४४च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा, आणि गोदीलगतचा भाग पेटला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. शत्रूच्या विमानांसाठी तयार झालेली माणसे त्या दिवशी ढिगाऱ्यातून जखमींना काढत होती.

युद्ध संपले, पण १९४६मध्ये मुंबईत जातीय दंगली उसळल्या. पोलीस अपुरे पडू लागले तेव्हा मुंबई प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी ६ डिसेंबर १९४६ला होमगार्ड ही संघटना उभी केली. कल्पना साधी होती. आपापली नोकरी, दुकान, शेती सांभाळणारे लोक गणवेश घालून, थोडे शिक्षण घेऊन, गरज पडेल तेव्हा पोलिसांच्या मदतीला उभे राहतील. पुढच्याच वर्षी त्यासाठी मुंबई प्रांताचा कायदा झाला. ही कल्पना इतकी कामाची ठरली की १९६२च्या चीन युद्धानंतर केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना आपापल्या स्वयंसेवी संघटना एकत्र करून होमगार्ड हेच एकसारखे दल उभारायला सांगितले. देशभरातील मंजूर संख्या आज पावणेसहा लाखांच्या आसपास आहे. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत दोरखंड धरून उभे राहणारे, आषाढी वारीत पंढरपूरच्या गर्दीला वाट दाखवणारे, मतदान केंद्राच्या दारात बसणारे खाकी गणवेशातले जे लोक दिसतात, त्यांत पुष्कळ होमगार्ड असतात. बघणारा त्यांना पोलीसच समजतो.

होमगार्डनंतर तीनच वर्षांनी, ९ ऑक्टोबर १९४९ला, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते प्रादेशिक सेनेची सुरुवात झाली. टेरिटोरियल आर्मी या नावाने ती अधिक ओळखली जाते. इथे भरती होणाऱ्याकडे आधीपासून पोटापाण्याचा व्यवसाय असावा लागतो. सेना हा त्याचा जोडव्यवसायही नाही आणि उपजीविकाही नाही. पायदळाच्या तुकड्यांना साधारणपणे वर्षातून दोन महिने प्रशिक्षण असते, आणि युद्ध किंवा आणीबाणी आली की बोलावणे येते. रेल्वे, तेल कंपन्या यांच्या कर्मचाऱ्यांच्याही वेगळ्या तुकड्या आहेत, कारण युद्धात गाड्या आणि इंधन चालू ठेवायला त्याच कामाची माणसे लागतात. गडरा रोडने जे रक्ताने शिकवले, त्याचे उत्तर या तुकड्यांत आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत प्रादेशिक सेना उतरली. कोल्हापूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली तिची बटालियन आहे. पश्चिम महाराष्ट्रातली कित्येक घरे तिच्यामुळे सैन्याशी बांधलेली आहेत.

या तयारीतला नागपूरचा वाटा फारसा सांगितला जात नाही. १९५७मध्ये तिथे आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था सुरू झाली. १९६८मध्ये तिचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. कोसळलेल्या इमारतीत शिरताना कुठली भिंत आधाराची आणि कुठली दगा देणारी, दोरावरून जखमी कसा उतरवायचा, विषारी वायू पसरला तर कुठल्या दिशेला पळायचे, हे देशभरचे प्रशिक्षक कित्येक दशके इथे शिकून आपापल्या राज्यात शिकवत आले. ‘देशासाठी काय करता येईल’ असे विचारणाऱ्या तरुणाला भाषणापेक्षा अशा मैदानावरचा एक आठवडा जास्त उपयोगी पडेल.

चीनशी झालेल्या युद्धाने देशाला मुळापासून हलवले. ऑक्टोबर १९६२मध्ये राष्ट्रीय संरक्षण निधी उघडला गेला आणि बायकांनी अंगावरचे सोने उतरवून दिले. गावोगावच्या सभांमध्ये टेबलावर बांगड्या आणि मंगळसूत्रे जमत होती. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे लोक अभिमानाने म्हणू लागले. ज्यांनी सोने दिले त्यांच्या मनात कसलाही हिशेब नव्हता, हे ठामपणे सांगता येते. पण बर्फात लढणाऱ्या जवानाला गरम कपडे आणि बूट वेळेवर न मिळाल्याचे दुःख त्या सोन्याने भरून येणार नव्हते. तयारी आधी करायची असते, हे त्या पराभवाने दाखवले, आणि पुढची सात-आठ वर्षे सरकार त्याच कामाला लागले.

१९६३मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. त्याच वर्षी स्पेशल सर्व्हिस ब्युरो स्थापन झाला. आजचे सशस्त्र सीमा बल त्यातूनच आले. ईशान्य सीमेवरच्या, हिमाचल आणि उत्तर प्रदेशच्या डोंगरी गावांत या संस्थेचे लोक जाऊन राहत आणि गावकऱ्यांना, बायकांनासुद्धा, बंदूक चालवायला, निरोप पोचवायला, शत्रू गावात आला तर त्याला अडवायला शिकवत. एरवी तेच लोक गावात औषधे वाटत, शाळा दुरुस्त करत. गावकऱ्यांचा विश्वास बसला तो आधी औषधांवर. बंदुका नंतर आल्या.

एनसीसीची सक्ती फार काळ टिकली नाही, १९६८मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. पण तोवर एक जुना प्रश्न नव्याने वर आला होता: शिकलेल्या तरुणांनी देशासाठी काय करावे? १९५९मध्ये केंद्राने यासाठी चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे हे तेच सीडी. महाविद्यालयात प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्यांनी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी, आणि ती सर्वांना सक्तीची असावी, अशी समितीची सूचना होती. खर्च झेपणार नाही म्हणून ती बाजूला पडली. मात्र विषय संपला नाही. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली.

महाराष्ट्रात महाविद्यालयात गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ही योजना एनएसएस या नावाने माहीत असते. दोन वर्षांत २४० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर. शाळेच्या ओट्यावर पथाऱ्या, पहाटेची प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री शेकोटीभोवती गाणी. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून ओढ्यावर घातलेले वनराई बंधारे यांतल्या कितीतरी शिबिरांनी बांधले, आणि फेब्रुवारीत गुरांना त्याच बंधाऱ्यांचे पाणी मिळाले. काही ठिकाणी हे शिबिर गुणांपुरते उरते, हेही खरे. तरीही विशीच्या आत एकदा तरी परक्या गावात जाऊन घमेले उचललेली लाखो माणसे या राज्यात आहेत, आणि पूर आला की त्यांना कामाला लागायला फारसे शिकवावे लागत नाही.

या धोरणांच्या बरोबरीने घरातली शिस्तही होती. १९६५मध्ये धान्याची टंचाई आणि युद्ध एकाच वेळी आले तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्री एक जेवण सोडण्याची विनंती केली, आणि त्याआधी ती स्वतःच्या घरात अमलात आणली. शहरांतली हॉटेलेसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. १९७१च्या डिसेंबरात मुंबईच्या चाळी अंधारात बुडाल्या. काचांवर तपकिरी कागद, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. एखाद्या खिडकीतून उजेडाची रेघ बाहेर आली की खालून वॉर्डनचा आवाज येई. तो वॉर्डन गल्लीतलाच असे, कुणाच्या तरी घरचा काका किंवा दादा. दिवसा गिरणीत किंवा कचेरीत, रात्री हातात शिट्टी. ओळखीच्या माणसाने हाक मारली की दिवा लगेच मालवला जाई; हे काम परक्या शिपायाकडून इतके सहज झाले नसते.

नागरी संरक्षणाचा केंद्रीय कायदा १९६८मध्ये झाला. वॉर्डन, अग्निशमन, सुटका, प्रथमोपचार, संदेशवहन, मृतदेहांची व्यवस्था अशा १२ सेवा नागरी संरक्षण दलासाठी आखून दिल्या होत्या. मात्र १९७१नंतर शहरांवर बॉम्ब पडले नाहीत आणि दल हळूहळू कागदावर आक्रसत गेले. भोंगे गंजले, यादीतली माणसे म्हातारी झाली. याच काळात भूकंप, पूर, चक्रीवादळे यांनी युद्धांपेक्षा कितीतरी जास्त माणसे नेली, आणि कायद्यात मात्र शत्रूचा हल्ला एवढेच काम लिहिलेले होते. नैसर्गिक आपत्ती हेही नागरी संरक्षणाचे काम आहे, असे लिहिणारी दुरुस्ती २००९मध्ये झाली. चाळीस वर्षे हा फार मोठा काळ आहे, आणि त्याची किंमत किल्लारीने, भुजने भूकंपांत मोजली.

होमगार्डचेही एक दुखणे होते. स्वयंसेवक म्हणून भरती केलेल्या माणसाला वर्षातले कित्येक महिने बंदोबस्ताला उभे करायचे आणि मोबदला मात्र स्वयंसेवकाचा द्यायचा, हे वर्षानुवर्षे चालले. होमगार्ड न्यायालयात गेले. मार्च २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नियमित नोकर मानायला नकार दिला, पण कामाच्या दिवसाचा भत्ता पोलीस शिपायाच्या किमान वेतनाच्या तोडीचा असावा, असे सांगितले. महाराष्ट्रात हा भत्ता २०२४मध्ये दिवसाला ५७० रुपयांवरून १,०८३ रुपयांवर गेला. सेवाभावाला हात घालून स्वस्त मजुरी मिळवणे हा सेवेचा अपमान आहे. जो माणूस रोजीरोटी बुडवून उत्सवात आपल्यासाठी रात्रभर उभा राहतो, त्याच्या घरची चूल पेटती ठेवणे हे समाजाचे देणे आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीसह लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड धाबी; झोपेतच घरे अंगावर आली. जवळपास १०,००० माणसे गेली. मदतीला महाराष्ट्र लोटला, इतका की वाटा तुंबल्या. पण पहिली धावपळ ओसरल्यावर जे काम उभे राहिले ते जास्त मोलाचे होते. भारतीय जैन संघटनेचे शांतीलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त घरांतली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. स्वयम् शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. सरकारची योजना गावाला समजावून सांगायची, घराच्या दुरुस्तीत भूकंपरोधक बांधणी नीट होते आहे का ते पाहायचे, अनुदानाचे अडलेले काम तालुक्याला जाऊन सोडवायचे. तोवर उंबऱ्याबाहेर फारशा न पडलेल्या या बायका दोन-तीन वर्षांत सिमेंट-वाळूच्या प्रमाणावर गवंड्याशी वाद घालू लागल्या.

आणि २६ जानेवारी २००१ला कच्छ हादरले तेव्हा किल्लारी भागातल्या याच कामातल्या बायका गुजरातला गेल्या. घर गेल्यावर पहिल्या महिन्यात काय होते आणि सहाव्या महिन्यात काय होते, सरकारी पंचनाम्यात काय सुटून जाते, नवे घर बांधताना बाईने कुठे लक्ष ठेवायचे, हे त्यांच्याएवढे अधिकाराने सांगणारे दुसरे कुणी नव्हते. देशाच्या एका कोपऱ्यातले दुःख दुसऱ्या कोपऱ्याच्या कामी आले. अशा देवाणघेवाणीला गणवेश नाही, कवायत नाही, पण ही देशसेवा कुठल्याही पदकाच्या तोडीची आहे.

काही वेळा गणवेशातली माणसेसुद्धा शांततेच्या कामाला लागली. मसुरीच्या डोंगरांत चुनखडीच्या खाणींनी उतार ओरबाडून टाकले होते. १९८२मध्ये प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण बटालियन तिथे उभी राहिली, गढवालच्या निवृत्त जवानांची. उतारांवर बांध घालायचे, खड्डे खणायचे, रोपे लावून ती जगेपर्यंत राखायची. पाठोपाठ राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या काठी दुसरी तुकडी वाळूशी झुंजायला गेली. मराठवाड्यात २०१७पासून अशीच बटालियन काम करते. महार रेजिमेंटशी ती जोडलेली आहे आणि दुष्काळी टापूतल्या उघड्या टेकड्यांवर झाडे जगवते. पन्नाशीकडे झुकलेला निवृत्त नाईक किंवा हवालदार रोपाला पाणी घालतो तेव्हा ते फौजेतल्याच शिस्तीने घालतो, आणि म्हणून ती रोपे जगतात.

सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांचे बचावाचे काम तर पूर्णपणे लोकांनी उभे केलेले आहे. २८ जुलै २०१८ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली, ३० जण गेले. भर पावसात, धुक्यात, निसरड्या कड्यावरून दोर लावून खाली उतरले ते महाबळेश्वर ट्रेकर्सचे आणि पोलादपूर-महाड परिसरातले तरुण. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा वर जायला रस्ताच नव्हता. यंत्रे खाली राहिली आणि माणसे चढली. खोपोलीचे यशवंती हायकर्स, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र यांच्यासारख्या संस्थांना घाटातला फोन अपरात्री येतो आणि किराणा दुकानदार, शिक्षक, कंपनीतला फिटर दोर खांद्यावर टाकून निघतात. वर्षभर रविवारी कड्यांवर केलेला सराव त्या रात्री उपयोगी पडतो.

सराव आणि साधन नसेल तर काय होते, ते ८ ऑगस्ट २०१९ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये दिसले. कृष्णेच्या महापुरात गावकरीच गावकऱ्यांना बाहेर काढत होते. नाव क्षमतेपेक्षा जास्त भरली आणि उलटली. १७ जण गेले. त्यात कुणाचीही नियत खोटी नव्हती. नावेत किती माणसे बसवायची आणि प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असल्याशिवाय दोर सोडायचा नाही, हे ठणकावून सांगायला मात्र तिथे शिकलेले कुणी नव्हते.

याच उणिवेवर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना बोट ठेवते. २०१६मध्ये ती पूरप्रवण अशा ३० जिल्ह्यांत, प्रत्येकी २०० स्वयंसेवकांवर, करून पाहिली गेली. नंतर ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक असा तिचा विस्तार ठरला. बारा दिवसांचे प्रशिक्षण, विमा, आणि घरी ठेवायचा संच: जीवरक्षक जॅकेट, विजेरी, हातमोजे, हेल्मेट, गमबूट, प्रथमोपचाराची पेटी. हा स्वयंसेवक गावातच राहतो, म्हणून बाहेरून पथक येण्याआधीचे पहिले काही तास त्याचे असतात, आणि जीव वाचतात ते बहुधा त्याच तासांत.

७ मे २०२५ला देशातल्या २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची रंगीत तालीम जाहीर झाली होती, महाराष्ट्रात मुंबई, उरण, तारापूर आणि इतर ठिकाणी. त्याच पहाटे पाकिस्तानविरुद्धची ‘ऑपरेशन सिंदूर’ ही कारवाई सुरू झाली. पन्नाशीखालच्या बहुतेकांनी असा सायरन पहिल्यांदाच ऐकला. सीमेवरच्या शहरांत पुन्हा दिवे मालवले गेले, आणि १० मे रोजी चंडीगडमध्ये नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक हवेत असे प्रशासनाने म्हटल्यावर तरुणांची इतकी झुंबड उडाली की नोंदणीची जागा अपुरी पडली. संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. त्या गर्दीतल्या मुलामुलींची नावे नोंदवहीत आली आहेत. त्यांना प्रथमोपचार, आग विझवणे, ढिगाऱ्यातून सुटका हे शिकवून होणे हे खरे पुढचे काम.

महाराष्ट्रात ज्याला यात उतरायचे आहे त्याच्यासाठी वाटा उघड्या आहेत. होमगार्डसाठी वय २० ते ५० आणि दहावी उत्तीर्ण ही अट आहे, भरती जिल्हावार होते. नागरी संरक्षण दलात १८ वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही नाव देता येते. प्रादेशिक सेनेच्या अधिकारी पदासाठी वय १८ ते ४२, पदवी आणि स्वतःचे उत्पन्न हवे. नोकरी किंवा व्यवसाय सोडावा लागत नाही. आपदा मित्रांची निवड जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून होते, आणि एखाद्या गावातल्या पोहणाऱ्यांची, नाव वल्हवणाऱ्यांची, ट्रॅक्टर असणाऱ्यांची यादी ग्रामपंचायतीने पावसाळ्याआधी त्या कक्षाला दिली तर जुलैमध्ये कुणाला फोन करायचा हे शोधत बसावे लागत नाही.